सहा महिन्यांच्या व्हिसावर आलात? नदीवरची एक हंसाची जोडी धरा

इंग्लंडात लेकाकडे-लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबापांचा दिवस कसा जातो, हे मी वेगळं सांगायला नको. सकाळी आठला घर रिकामं होतं. डिशवॉशर कसा लावायचा याची एक सूचना मिळते, आणि मग संध्याकाळपर्यंत आपण आणि खिडकी. माझी लेक रेडिंगला, थेम्सच्या काठी केव्हरशॅम भागात राहते. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. सगळी नोकरी कृष्णेच्या कालव्यांवर सायकल मारण्यात गेली, त्यामुळे पाणी दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. इथल्या पाण्यावर हंस आहेत आणि ते बघायला एक पैसा लागत नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे, गुडघे बरे आहेत आणि बाबागाडी ढकलायची ड्यूटी लागलेली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

तिकीट काढताना घरात तुमचं कोणी ऐकत असेल तर एप्रिल ते सप्टेंबर मागून घ्या. घरट्यापासून पिल्लू उडेपर्यंतचा सगळा संसार बरोबर या सहा महिन्यांत बसतो. ऑक्टोबरात येणाऱ्यांनीही नाराज होऊ नये, त्यांचं शेवटी बघू.

जोडी धरायची म्हणजे काय

सगळे जण जे करतात ते आधी सोडा. केव्हरशॅमच्या पुलापाशी किंवा विंडसरला इटनच्या पुलाखाली हंसांचा मोठा घोळका असतो. लोक पिशव्या घेऊन येतात, फोटो काढतात आणि हंस बघितले म्हणून घरी जातात. हा घोळका बहुतेक तरण्या, बिनलग्नाच्या पक्ष्यांचा असतो. हंस तीन-चार वर्षांचा होईपर्यंत संसाराला लागत नाही, तोवर असाच मंडळींत दिवस काढतो. त्यात जोडीदार गेलेलेही असतात. तिथे एकदा जाऊन या, पण रोज जाण्यात अर्थ नाही. गर्दीत कोणता हंस काल बघितलेला आणि कोणता आज नवीन, हेच कळत नाही.

घोळका मागे पडेपर्यंत काठाकाठानं चालत राहा. मी केनेट नदी थेम्सला मिळते तिथला लोखंडी पूल ओलांडून सॉनिंगच्या दिशेनं जातो. पुढे एक लांबच लांब पट्टा येतो आणि त्यात दोनच हंस दिसतात. असे दोनच दिसले की थांबायचं. ती जोडी आहे आणि तेवढी नदी त्यांच्या मालकीची आहे. खात्री करायची असेल तर तिसरा हंस येण्याची वाट बघा. तो आला की दोघांतला एक जण पाठीवर पंख उभारून, मान मागे घेऊन, पाण्यात धक्के देत त्याच्यावर चाल करून जातो. नेहमीच्या पोहण्यात हंस एकेक पाय मारतो. या चालीत दोन्ही पाय एकदम मारतो, म्हणून तो सरकत न येता झटक्याझटक्यानं पुढे येतो. हे एकदा बघितलं की लांबूनसुद्धा ओळखता येतं. पाहुणा जिथे पोचल्यावर हा मागे फिरतो, ती त्यांची हद्द. चांगल्या नदीवर ही हद्द दोन-अडीच किलोमीटरसुद्धा असते. मोजणीच्या खात्यातल्या माणसाला हे काम आवडेल.

आता ओळख पटवायची. काठावर चढले की पाय बघा. पुष्कळ हंसांच्या एका पायात धातूची बारीक कडी असते आणि काहींच्या दुसऱ्या पायात प्लास्टिकची रुंद, रंगीत कडी असते, तिच्यावर मोठी अक्षरं. ती अक्षरं साध्या दुर्बिणीतूनही वाचता येतात. लिहून ठेवा. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी ही संस्था या कड्यांच्या नोंदी ठेवते. त्यांच्याकडे ऑनलाइन नंबर कळवलात तर पक्ष्याला कडी कुठे आणि कधी घातली हे कळतं. लेकीला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. दुर्बीण नवी घेऊ नका, चॅरिटी शॉपात मिळते. आठ पट मोठं दिसणारी पुरे.

नर-मादी रंगानं सारखेच. फरक चोचीवर बघायचा. नारिंगी चोच जिथे कपाळाला मिळते तिथे काळी गाठ असते. नराची गाठ मोठी, फुगीर, आणि वसंतात तर आणखी फुगते. मादीची लहान आणि बसकी. नराची मानही जाड असते. तो दहा-बारा किलोचा, ती आठ-नऊ किलोची. दोघं शेजारी असले की ओळखायला क्षणही लागत नाही, एकटा असला की भल्याभल्यांचं चुकतं. म्हणूनही जोडीच धरावी.

आपल्याकडून आलेल्या माणसानं एक ध्यानात ठेवावं. उजनीवर हिवाळ्यात दिसतात ते लांब पायांचे रोहित, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली बदकासारखी येतात ती पट्टकादंब. हा त्या दोघांपैकी कोणी नव्हे. इंग्रजीत याला म्यूट स्वान म्हणतात. महाराष्ट्रात तो येत नाही, त्यामुळे चित्रांतून जे काही मनात बसलंय ते बाजूला ठेवून कोऱ्या डोळ्यांनी बघा.

घरटं

हा भाग मी थोडा लांबवणार आहे, कारण माझ्या मते सगळ्या वर्षात बघण्यासारखं याहून काही नाही आणि लोक नेमकं हेच चुकवतात.

मार्चअखेरीला किंवा एप्रिलात जोडी जागा निवडते. लव्हाळ्यात, एखाद्या बेटाच्या टोकाला, कधी झुडपांच्या मुळांशी. घरटं साधारण दीड-दोन मीटर रुंद, म्हणजे दिवाणाएवढं. गंमत अशी की हंस घरट्याचं सामान चोचीत धरून वाहून आणत नाही. आपल्याकडचा कावळा काडी घेऊन उडतो, तसं याला जमत नाही किंवा जमवायचंच नसतं. नर जिथे उभा असतो तिथलं लव्हाळं उपटतो आणि मान वळवून आपल्या पाठीमागे टाकतो. मग दोन पावलं मागे सरतो, तीच काडी उचलून पुन्हा मागे टाकतो. मादी घरट्यात बसून तिच्या मानेला पोचेल तेवढं ओढून घेते आणि अंगाभोवती रचते. कालव्याच्या मातीकामावर बायाबापडे ओळीनं उभे राहून घमेलं हातोहात पुढे सरकवायचे, तीच रीत, फक्त इथे सगळी ओळ एकट्यानंच व्हायची. एक काडी पोचायला कितीतरी वेळ जातो. मध्येच तो विसरतो आणि शेवाळ खायला लागतो. घाईत असलेल्या माणसानं हे बघू नये.

अंडी दिवसाआड एक अशी घातली जातात. पाच ते सात हा नेहमीचा आकडा, कमी-जास्तही होतो. अंडं जवळजवळ ११ सेंटिमीटर लांब, फिकट हिरवट-राखाडी. सगळी अंडी होत आली की मग मादी पक्की बैठक मारते, म्हणून आधीचं आणि शेवटचं पिल्लू जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतं. बैठकीपासून साधारण ३५ दिवस धरा. मादी एप्रिलच्या २० तारखेच्या सुमाराला उठायची बंद झाली असेल, तर मेच्या २५ च्या आगेमागे रोज चक्कर मारा. कॅलेंडरवर खूण करून ठेवा, कारण पिल्लं एक-दोन दिवसांत घरटं सोडतात आणि मग घरट्यावर काही दिसत नाही.

ती उठते कधी, हेही बघा. दिवसातून थोडा वेळ ती खायला उतरते, तेव्हा आधी बाजूचं गवत ओढून अंडी झाकते. नर येऊन घरट्यावर उभा राहतो, क्वचित बसतोही, पण त्याच्या बसण्यात तो बेतच नसतो, दुसरीकडेच बघत असतो. एवढ्या दिवसांत मादीचं खाणं फार कमी होतं आणि ती वाळते. पिल्लं झाल्यावर ती कशी अधाशासारखी खाते ते बघा, म्हणजे कळेल.

पाण्याची गोष्ट माझ्या खात्यातली, म्हणून सांगतो. थेम्सवर जागोजागी बंधारे आणि बोटींसाठी लॉक, म्हणजे बोट वरखाली घेणारी दोन दारांची कोठी, आहेत, त्यामुळे दोन बंधाऱ्यांमधली पातळी एरवी फारशी हलत नाही. पण वरच्या भागात तीन-चार दिवस पाऊस लागला की पाणी चढतं आणि काठालगतचं घरटं धोक्यात येतं. अशा वेळी दोघंही घरटं उंच करायला लागतात. हाताला येईल ते खाली खुपसतात आणि अंडी वर घेत जातात. पाऊस पडला म्हणून फेरी रद्द करू नका, रेनकोट घाला आणि जा. हे काम पावसातच बघायला मिळतं. काठावर दगड किंवा खांब असेल तर त्यावर पाण्याची रेघ कुठे आहे हे रोज बघून ठेवा, म्हणजे उद्या काय होणार याचा अंदाज आदल्या दिवशीच येतो.

घरट्यापासून लांब राहायचं. किती लांब? मादीनं मान उंच करून तुमच्याकडे बघितलं की तुम्ही जवळ गेलात. दोन पावलं मागे. नर पाण्यातून तुमच्याकडे निघाला तर दहा पावलं मागे. इथे १९८१ चा वन्यजीव कायदा आहे, त्याखाली घरट्याची नासधूस करणं किंवा अंडी घेणं हा गुन्हा आहे. नातवंडाला फोटोत घेण्यासाठी घरट्यापाशी उभं करणारे आजोबा मी बघितलेत. करू नका.

पिल्लं

पिल्लं राखाडी, मऊ, आणि पहिल्या दिवसापासून स्वतः खाणारी. आई चारा भरवत नाही. मात्र ती तळाचं शेवाळ उपटून वर आणते आणि पसरून देते, पिल्लं त्यातलं टिपतात. कधीकधी मोठे दोघं जागच्या जागी पाय मारून तळ ढवळतात, तेही त्यासाठीच. हंसाची मान पाण्यात साधारण एक मीटर खोल पोचते, शेपूट वर करून डोकं खाली घातलं तर. त्याहून खोल पाण्यात त्याला काही मिळत नाही, कारण तो बुडी मारत नाही. म्हणून जोडीला शोधायचं तर नेहमी उथळ, शेवाळाच्या बाजूला शोधा. त्यांच्याभोवती घोटाळणारी बदकं दिसतील. वर येणाऱ्या शेवाळातलं उष्टं-खरकटं त्यांना हवं असतं.

पहिल्या आठवड्यांत पिल्लं आईच्या पाठीवर बसतात. तिने पंख थोडे वर धरलेले असतात आणि मधून दोन-तीन डोकी बाहेर. गार वाऱ्याच्या सकाळी हे हमखास दिसतं. माझ्या नातीला यापलीकडे हंसात काही रस नाही, आणि मला तिचं म्हणणं पटतं.

रोज मोजा. मोजल्यावर वाईट वाटायची तयारी ठेवा. सहाची पाच होतात, पाचाची चार. नदीत पाईक नावाचा मोठा तोंडाचा मासा आहे, तो पिल्लू खालून ओढतो. काठावर कोल्हे आहेत. थंडी आणि पाऊस आहेतच. निम्मी जाणं यात विशेष काही नाही. आमच्या मंडळींनी दुसरं पिल्लू गेल्यावर मोजायचं काम माझ्यावर सोडलं आणि घरी गेल्यावर फक्त "किती?" एवढं विचारायला लागल्या.

देहबोली, म्हणजे कधी पळायचं

पंख पाठीवर कमानीसारखे उभारलेले, मान मागे, झटके देत येणारा नर: हा राग. फुसफुसणं: हाही राग, पण बचावाचा. लोक म्हणतात हा हंस मुका आहे. तसं काही नाही. तो फुसफुसतो, घोरल्यासारखा आवाज काढतो, पिल्लांशी हळू कुरकुरतो. फक्त लांबवर ऐकू जाईल अशी हाक देत नाही.

दोघांनी समोरासमोर येऊन माना वर-खाली करणं, चोच पाण्यात बुडवून काढणं: हे आपसातलं. शत्रूला पिटाळून नर परत आला की हे बघायला मिळतं. लग्नाच्या कार्डावर असतो तो दोन मानांचा बदाम खरंच होतो, पण क्षणभर, आणि मागाहून लगेच दोघं पिसं साफ करायला लागतात. जोडी जन्मभराची हे बहुतांशी खरं. बहुतांशी, कारण काही टक्के जोड्या मोडतात, आणि अंडी-पिल्लं वाया गेलेल्या जोड्या जास्त मोडतात. एक मेला तर दुसरा झुरून मरतो ही कथा आहे. पुष्कळदा तो दुसरा जोडीदार धरतो.

एक पाय पाठीवर टाकून पोहणारा हंस बघून दरवर्षी कोणीतरी घाबरून फोन करतं की पाय मोडलाय. मोडलेला नसतो. तो पाय त्याने विश्रांतीला ठेवलेला असतो. थोडा वेळ थांबा, खाली घेतो.

हंसाच्या पंखाच्या फटक्यानं माणसाचा हात मोडतो असं इथला प्रत्येक जण सांगतो. पक्ष्याची हाडं पोकळ आणि हलकी असतात, तेव्हा धडधाकट माणसाचा हात मोडणं कठीण. पण फटका चांगलाच बसतो आणि वयस्कर माणूस दचकून पडला तर खुब्याचं हाड मोडेल, ते हंसाच्या नावावर लिहिलं जाईल. म्हणून नर काठावर चढून आला की वाद घालू नका. बाबागाडी आपल्या मागे घ्या, तोंड त्याच्याकडेच ठेवा आणि शांतपणे मागे सरा. पाठ करून पळू नका. सोबत कुत्रा असेल तर पट्टा आखूड धरा. निम्मे तंटे कुत्र्यांवरूनच होतात.

खायला काय द्यावं

ब्रेडवरून इथे केवढं महाभारत झालंय. ब्रेड घालू नका, त्यानं पिल्लांचे पंख वाकडे होतात, असे फलक लागले. लोकांनी खायला घालणंच बंद केलं, आणि उपाशी हंसांच्या तक्रारी यायला लागल्या. शेवटी २०१८ मध्ये राणीच्या स्वान मार्करनं, म्हणजे थेम्सवरच्या हंसांची मोजणी बघणाऱ्या अधिकाऱ्यानं, ब्रेड घालायला हरकत नाही, या म्हणण्याला जाहीर पाठिंबा दिला. ऑक्सफर्डचे प्राध्यापक क्रिस्तोफर पेरिन्स यांचं म्हणणं असं होतं की ब्रेडचा आणि त्या वाकड्या पंखांचा संबंध असल्याचा पुरावा नाही. माझं मत: थोडा ताजा ब्रेड चालेल, बुरशी आलेला कधीच नाही, तो विषासारखा. त्याहून बरं म्हणजे लेट्यूस, पालकाची चिरलेली पानं, बर्फ गेलेले मटार, गहू किंवा मक्याचे दाणे. हंसांसाठी तरंगणाऱ्या गोळ्याही मिळतात.

आता आपलं. काल उरलेली पोळी, फोडणीचा भात, शेव, फरसाण नको. तेल-मीठ त्यांच्या कामाचं नाही. जे घालाल ते पाण्यात टाका, काठावर नको. काठावर टाकलं की हंस रस्त्यावर, कुत्र्यांत आणि सायकलींत येतो, आणि उरलेल्यावर रात्री उंदीर. तुम्ही धरलेल्या जोडीला तर मी म्हणेन काहीच घालू नका. उन्हाळ्यात नदी त्यांना भरपूर देते, आणि तुम्हाला बघून ती तुमच्याकडेच यायला लागली की ती एरवी काय करते हे कधीच कळणार नाही. हौस पुलापाशी भागवा.

जुलै

जुलैत दोन गोष्टी होतात. पहिली, पिसं झडणं. हंस उडण्याची सगळी मोठी पिसं एकदम टाकतो आणि सहा आठवडे त्याला उडता येत नाही. पण दोघं एकदम नाही. पिल्लं लहान असताना मादी टाकते आणि नर उडू शकतो, तिची पिसं येत आली की नराची पाळी. म्हणजे पिल्लांपाशी एक तरी उडणारा राहतो. काठाला लांब पांढरी पिसं सापडायला लागली की समजा. हातात धरून बघा, देठ किती जाड आहे ते. नंतर घरी गेल्यावर हात धुवा.

दुसरी, स्वान अपिंग. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाच दिवस, सनबरीपासून अबिंगडनपर्यंत, ७९ मैल थेम्सवर वल्ह्यांच्या होड्या वर सरकतात आणि वाटेतल्या हंसांच्या पिल्लांची मोजणी होते. मध्ययुगात हंस मेजवानीत खात, म्हणून राजानं त्यांच्यावर मालकी सांगितली. आजही थेम्सच्या या पट्ट्यात राजाबरोबर फक्त व्हिंटनर्स आणि डायर्स या लंडनच्या दोन जुन्या व्यापारी मंडळांना ती मालकी आहे, दारूवाले आणि रंगारी. राजाची माणसं लालभडक अंगरख्यात असतात, स्वान मार्करच्या टोपीत हंसाचं पीस. पिल्लांसह जोडी दिसली की "ऑल अप!" अशी आरोळी उठते आणि होड्या चहूबाजूंनी कडं करून जोडीला काठाकडे घेतात. हंस काढून पाय सैलसर बांधतात, पिल्लांचं वजन-माप घेतात, गळ-दोऱ्याची जखम बघतात, कडी घालतात आणि सोडून देतात. पूर्वी चोचीवर खाचा पाडत, आता ते नाही.

रेडिंगकरांना हे गुरुवारी बघायला मिळतं, कारण बुधवारी ताफा सॉनिंगला थांबतो आणि गुरुवारी तिथून मोल्सफोर्डकडे निघतो. त्या वर्षीच्या तारखा आणि वेळा राजघराण्याच्या संकेतस्थळावर येतात. वेळेआधी अर्धा तास लॉकवर जाऊन बसा. लॉकमध्ये होड्या थांबतातच, त्यामुळे धावपळ न करता जवळून दिसतात. शाळेची मुलं बोलावलेली असतात आणि मार्कर त्यांना नीट समजावून सांगतो. मागे उभं राहून ऐकायला कोणी हरकत घेत नाही. आपल्या जोडीची पिल्लं त्या दिवशी वजनकाट्यावर चढली तर तुमच्या वहीतला आकडा आणि त्यांचा आकडा जुळतो का बघा.

या मोजणीला एक कारण नंतर आणखी जोडलं गेलं. मासे धरणारे गळाला शिशाची गोळी लावत. हंस अन्न दळण्यासाठी पोटात खडे गिळतो, त्यांबरोबर शिसं जायचं. विषानं मानेतला जोर जायचा आणि मान पाठीवर पडायची. १९८७ पासून नेहमीच्या मापाच्या शिशाच्या गोळ्या विकायला बंदी आली आणि नदीवरचे हंस पुन्हा वाढले.

काही वाकडं दिसलं तर

चोचीतून लोंबणारा दोरा, पायाला गुंडाळलेली तार, एका बाजूला कललेलं पोहणं, किंवा ओल्या डांबरी रस्त्यावर बसलेला हंस. हा शेवटचा प्रकार वरून रस्ता पाण्यासारखा चमकतो म्हणून होतो. खाली उतरतो आणि मग पुन्हा उडायला त्याला लांब पाण्याची धाव लागते, ती रस्त्यावर मिळत नाही. स्वतः उचलायला जाऊ नका. प्राण्यांसाठीच्या आरएसपीसीए या संस्थेला किंवा जवळच्या हंस-बचाव गटाला फोन करा आणि जागा नेमकी सांगा. कोणता पूल, कोणता काठ, वरच्या अंगाला की खालच्या. "नदीवर आहे" या वर्णनावर कोणी पोचू शकत नाही. मेलेला पक्षी दिसला तर हातही लावू नका, नातवंडाला लांब ठेवा. गेल्या काही वर्षांत बर्ड फ्लूनं पुष्कळ हंस मेलेत आणि सरकारकडे त्याची नोंद करायची सोय आहे.

ऑगस्ट-सप्टेंबर आणि ऑक्टोबरवाले

पिल्लू साधारण चार-साडेचार महिन्यांचं झालं की उडायला बघतं. सप्टेंबरात सकाळी वारा असेल तेव्हा जा. हंस वाऱ्याच्या तोंडावर धावतो. पायांनी पाण्यावर चापट्या मारत, पंख पाण्याला घासत, लांबवर पळत जातो आणि मग उचलला जातो. पिल्लांचे पहिले प्रयत्न निम्म्यावर सुटतात आणि ती छातीवर घसरत थांबतात. म्हणून उभं राहायची जागा मधली धरा, जिथून नदीचा सरळ लांब पट्टा दोन्ही बाजूंना दिसेल. मोठा हंस डोक्यावरून गेला की पंखांचा घुमणारा आवाज येतो. शांत सकाळी तो किलोमीटरभरावरूनही कळतो. हा आवाज फक्त याच जातीचा.

परतीचं तिकीट आलं की वही लेकीच्या हवाली करा. थंडीत पिल्लांची राखाडी पिसं पांढरी व्हायला लागली की आईबापच त्यांना हद्दीबाहेर हाकलतात, तेच पंख उभारून, तीच झटक्यांची चाल. ती पिल्लं मग पुलापाशी घोळक्यात जाऊन मिळतात. कडीचा नंबर लिहून घेतला असेल तर तिला तिथे ओळखता येतील.

ऑक्टोबरात येणाऱ्यांना वेगळे पाहुणे मिळतात. आइसलँडहून व्हूपर आणि रशियाच्या उत्तर टोकाहून ब्यूइक, हंसांच्याच दोन जाती. दोघांचीही चोच काळी-पिवळी, गाठ नाही, मान ताठ, आणि दोघंही मोठ्यानं बोलणारे. व्हूपर मोठा, त्याचा पिवळा रंग टोकदार होत नाकपुडीच्या पुढपर्यंत येतो. ब्यूइक लहान, त्याचा पिवळा डाग आखूड. ग्लॉस्टरशरातल्या स्लिमब्रिजला पक्षीतज्ज्ञ सर पीटर स्कॉट यांनी १९४६ मध्ये पाणपक्ष्यांचं केंद्र काढलं. १९६४ पासून तिथे ब्यूइकांच्या चोचींवरच्या डागांची चित्रं काढून एकेक पक्षी ओळखण्याचा उद्योग सुरू झाला, कारण प्रत्येकाचा डाग वेगळा असतो. आता ब्यूइक पूर्वीइतके येत नाहीत. मोठे थवे बघायचे असतील तर नॉरफोकात वेल्नीला जा, तिथे व्हूपर हजारांनी उतरतात. जानेवारी उत्तम, मार्चला सगळे परत निघालेले असतात. दुपारी उशिरा पोचा, कारण दिवसभर शेतांत चरून पक्षी अंधार पडताना पाण्यावर परततात. तिकीट ऑनलाइन काढलेलं बरं, ज्येष्ठांना सवलत असते, विचारून घ्या. आडोसे आहेत पण वारा सपाट माळावरून थेट येतो. माकडटोपी नेताना लेक नाक मुरडेल, तरी न्या.